पाच मिलिमीटर

दुकानात त्याला सगळे मिलिमीटर म्हणायचे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतंच, पण ते पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. चष्म्याच्या काचा कापून, घासून फ्रेममध्ये बसवायचं काम तो बत्तीस वर्षं करत होता, आणि 'साधारण', 'जवळपास', 'चालून जाईल' हे शब्द त्याने निदान एकतीस वर्षांत तोंडातून काढले नव्हते. गिऱ्हाईक म्हणालं, "काका, काडी जरा ढिली वाटते," की हा विचारणार, "किती मिलिमीटर?" गिऱ्हाईक बिचारं काय सांगणार, चष्मा पुढे करून गप्प बसायचं. घरी भिंतीवर आरसा लावायचा तर पट्टी, पेन्सिल आणि अर्धा दिवस जायचा. बायको म्हणायची, "अहो, त्यात फक्त तोंड बघायचंय. तेही आपलंच."

अशा या माणसाने एके दिवशी सख्ख्या बायकोचा चष्मा स्वतःच्या हाताने फोडला.

तिच्या फ्रेमचा मुलामा उडाला होता आणि नाकावर हिरवट डाग पडायचा. म्हणून तो काही निमित्त नसताना नवी फ्रेम घेऊन आला, आणि तिच्याच काचा त्या फ्रेममध्ये बसवायला घेतल्या. डावी बसली. उजवी केसभर मोठी राहिली होती. पुन्हा घासायला हवी होती, पण दुकान बंद करायची वेळ झालेली, ती घरी वाट बघत असणार, आणि हा मनाशी म्हणाला, बसेल. स्क्रूचा शेवटचा अर्धा फेरा दिला आणि टिक् असा बारीक आवाज झाला. मोठ्या मायनस नंबरची काच कडेला जाड आणि मध्ये कागदासारखी पातळ असते. ती बरोबर मधोमध गेली. दचकून हातातून फ्रेम सुटली, खाली फरशी होती, डावीही गेली. तो तिथेच खुर्चीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

तिचा नंबर होता मायनस सोळा. म्हणजे चष्मा काढला की हाताभरावरचा माणूसही तिला धुक्यात उभा असल्यासारखा दिसे. गंमत अशी की नाकाजवळ आणलेली वस्तू तिला चष्म्याशिवाय इतकी स्वच्छ दिसे की धडधाकट डोळ्यांच्या लोकांनी हेवा करावा. त्यावरच तिचा रफूचा धंदा चालायचा. चष्मा डोक्यावर सरकवायचा, कापड नाकाला टेकवायचं आणि धाग्यात धागा ओवत बसायचं. तिने भरलेलं भोक नंतर मालकालाही शोधून सापडत नसे. तेव्हा पोटापाण्याला धोका नव्हता. धोका होता तो बाकीच्या सगळ्याला: दाराला, जिन्याला, शेगडीला, रस्त्याला आणि माणसांच्या चेहऱ्यांना.

"काच ती, फुटायचीच," ती म्हणाली. "एवढं तोंड पाडून काय बसलात?"

"माझं तोंड तुला दिसतंय कुठे?"

"आवाजावरून कळतं."

"दहा दिवसांत नवीन येतील," तो म्हणाला. आणि त्याला तसंच वाटत होतं.

कारण गेली कित्येक वर्षं तसंच चाललं होतं. पूर्वी दुकानाच्या मागच्या शेडमध्ये मास्तर बसायचे. मास्तर म्हणजे काचा घासून नंबर काढणारा कारागीर. सकाळी नंबर सांगा, संध्याकाळी काच तयार. फडताळभर कोऱ्या काचा रचलेल्या असायच्या. मग परदेशातून काचा यायला लागल्या, पातळ, हलक्या आणि वर स्वस्त. मास्तरांचं यंत्र भंगारात गेलं, मास्तर घरी गेले, आणि फडताळाच्या जागी गिऱ्हाइकांना टेकायला सोफा आला. आता संगणकावर नंबर भरायचा, आणि दहा दिवसांनी समुद्रापलीकडच्या कारखान्यातून नाव घातलेल्या पाकिटात काच हजर. नेहमीचे नंबर घाऊक व्यापाऱ्यांकडे पडलेले असत, पण मायनस सोळाची काच त्या एकाच कारखान्यात, मागणी आली तरच बनायची. दहा दिवसांत येतेच म्हटल्यावर जादा जोडी कोण ठेवतो? तिचा आधीचा चष्मा तर त्यानेच दुकानातल्या दानाच्या पेटीत टाकला होता.

दुसऱ्या दिवशी धाकट्या मालकांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. थोरले मालक गेल्यापासून दुकान त्यांचा मुलगा बघत होता. माणूस सरळ, पण वाईट बातमी सांगताना डोळे चोरणारा.

"थांबलंय सगळं," ते म्हणाले. "काच ज्या द्रावणातून ओततात ना, ते तिसऱ्याच देशात बनतं. तिथे आग लागली. कारखान्याकडे मालच नाही. आणि जो थोडा तयार आहे, तो बंदरात अडकलाय."

"म्हणजे किती दिवस?"

"चार महिने म्हणतात. सहासुद्धा लागतील."

दहा दिवसांचे एकदम चार महिने. आयुष्यभर मिलिमीटर मोजलेल्या माणसाला हा हिशेब पचेना. त्याने शहरातल्या आणि बाहेरच्या अशा वीसेक दुकानांना फोन केले. सगळीकडे एकच उत्तर: आमचंही तिथूनच येतं.

घरात तिने काहीच तक्रार केली नाही, आणि तेच त्याला सोसत नव्हतं. शेगडीचा ताबा त्याने घेतला. ती पावलं मोजून न्हाणीघरापर्यंत जायची, भिंतीवरून हात फिरवत परत यायची. बाहेर जाणं तिने बंद केलं, कारण बाजारात ओळखीच्या बाईला न ओळखता पुढे गेली आणि ती बाई रुसून बसली. एका संध्याकाळी तो पाय न वाजवता घरात आला. ती खिडकीशी रफू करत होती. दाराची चाहूल लागताच तिने मान वर केली आणि हसली, छान, अगदी रोजच्यासारखी. पण ती हसली त्याच्या शेजारच्या खुंटीवर टांगलेल्या कोटाकडे पाहून. तो हळूच दोन पावलं सरकला आणि कोटाच्या पुढे जाऊन उभा राहिला. त्या रात्री त्याने ठरवलं, चार महिने वगैरे काही नाही. हिला माझा चेहरा दिसलाच पाहिजे, आणि तो मीच दाखवणार.

शेवटी तो मास्तरांकडे गेला. मास्तर आता ऐंशीचे, कानांनी अधू, पण तिरकस बोलण्यात कुठे कमी नाही.

"आलास का आता?" ते म्हणाले. "माझं यंत्र विकलं तेव्हा तूच टेम्पोत चढवायला हात लावला होतास."

"लावला होता," हा म्हणाला. खोटं कशाला बोलायचं?

मास्तरांनी पलंगाखालून एक डबा ओढला. त्यात कागदात गुंडाळलेल्या, खऱ्याखुऱ्या काचेच्या, गोल, जड अशा दोन काचा होत्या. कधीकाळी एका गिऱ्हाइकासाठी घासलेल्या. ते गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही, आणि मास्तरांना हातची वस्तू टाकवली नाही.

"मायनस पंधरा आहे, सोळा नाही," मास्तर म्हणाले. "पण मायनस काच डोळ्याजवळ सरकवली की जोर धरते. लहान गोल फ्रेम घे आणि अगदी जवळ बसव. किती जवळ, ते तुला सांगायला नको."

"चार मिलिमीटर."

"हं. आणि काचा छोट्या आहेत, सरकवायला जागा नाही. सेंटर नव्याने मापून घे. जुन्या कार्डावर जाऊ नकोस."

सेंटर म्हणजे काचेचा नेमका मध्य. तो डोळ्याच्या बाहुलीसमोर यावा लागतो, म्हणून दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजतात. तिचं हे माप तिच्या कार्डावर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, अठ्ठावन्न मिलिमीटर, या दुकानात केलेल्या तिच्या पहिल्या चष्म्याच्या वेळचं. पुढे डॉक्टर नंबर बदलत गेले, अकराचा तेरा, तेराचा सोळा. माप मात्र तो कार्डावरून उतरवून घेत राहिला. गिऱ्हाइकाचं माप तो दरवेळी नव्याने घ्यायचा, पण घरच्या माणसाचं पुन्हा काय मोजायचं?

त्या पहिल्या चष्म्याची गोष्ट तो ऐकणारा भेटेल तिथे सांगत असे. दुकानात लागून त्याला जेमतेम चार महिने झाले होते. ही चष्मा घेऊन गेली, आणि मग आठवड्यात तीन वेळा परत आली. स्क्रू ढिला झालाय म्हणे. स्क्रू मुळीच ढिला नव्हता. "मग मी काय समजायचं ते समजलो," असं म्हणून तो मिशीतल्या मिशीत हसायचा. ही गोष्ट त्याने लग्नाच्या पंगतीत सांगितली, शेजाऱ्यांना सांगितली, व्याह्यांना सांगितली. ती दरवेळी तिथेच बसलेली असे आणि खाली मान घालून हसे.

रविवारी दुपारी त्याने तिला खिडकीसमोर बसवलं आणि पट्टी तिच्या नाकावर टेकवली. हे माप घेताना मापणाऱ्याने आपला एक डोळा मिटायचा असतो आणि समोरच्याला उघड्या डोळ्याकडे बघायला सांगायचं असतं, मग दुसरा. दोघं दोन्ही डोळ्यांनी एकमेकांकडे बघत बसले, तर बाहुल्या आत वळतात आणि माप चुकतं. कामावरचा पहिल्या आठवड्यातला धडा.

"माझ्या डाव्या डोळ्याकडे बघ."

"मला तुमचा डावा-उजवा कुठला दिसायला? आवाजाकडे बघते."

त्रेसष्ट. त्याने पुन्हा मोजलं. त्रेसष्ट. पट्टी बदलली, खुर्ची बदलली, त्रेसष्ट ते त्रेसष्टच.

"झालं का?" तिने विचारलं.

"झालं," तो म्हणाला, आणि पट्टी खाली ठेवली. त्याला त्या पहिल्या मापाचा दिवस आठवला. ती समोर बसली होती, चष्मा काढलेला, आणि पलीकडे कोण आहे ते दिसावं म्हणून तिने चेहरा पुढे आणला होता, अगदी वीतभर अंतरावर. आणि तो पट्टी धरून तिच्याकडे बघतच राहिला होता. डोळा मिटायचा असतो, हे त्या दिवशी त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. तेवढ्यात जो आकडा दिसला तो कार्डावर गेला, आणि मग बत्तीस वर्षं तोच आकडा देशोदेशी फिरून तिच्या नाकावर येत राहिला. इतकी वर्षं ती त्याच्या चुकीतून जग बघत होती.

हे तिला सांगायचा धीर त्याला झाला नाही. निदान आता तरी बरोबर होऊ दे, असं म्हणून त्याने दुकानात जाऊन जीव ओतून चष्मा बनवला. गोल लहान फ्रेम, डोळ्यांच्या अगदी जवळ, सेंटर त्रेसष्टवर. बत्तीस वर्षांत त्याने इतकं बिनचूक काम केलं नव्हतं.

तिने घातला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे. सगळं स्वच्छ दिसतंय."

त्याचा जीव भांड्यात पडला, पण तो तिथे फार वेळ टिकला नाही. दुसऱ्या दिवशी तिने कप टेबलाच्या कडेवर ठेवला आणि तो खाली गेला. जिना उतरताना ती पायाने पायरी चाचपू लागली. आणि चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की त्याच्याशी बोलताना ती एक डोळा मिटून घेते.

"डोळा का मिटतेस?"

"काही नाही. कचरा गेला असेल."

"चार दिवस कचरा? खरं सांग. दोन दोन दिसतंय ना?"

तिने सुई कापडात टोचून ठेवली. "होईल सवय," ती म्हणाली.

मग मात्र त्याला राहवलं नाही. त्याने खिशातून ते जुनं कार्ड काढलं आणि तिच्या हातात दिलं. "हे अठ्ठावन्न मी लिहिलंय. आहे त्रेसष्ट. पाच मिलिमीटरची चूक. बत्तीस वर्षं तुझे डोळे त्या चुकीला धरून वळत राहिले, आणि आता बरोबर काच त्यांना चुकीची वाटतेय." एवढं बोलून तो थांबला. "कुणी दुसऱ्याने केलं असतं तर मी त्याला दुकानात उभा केला नसता."

ती कार्डाकडे बघत राहिली, एक डोळा मिटून. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"काच चुकलीय ते. पहिल्या दिवशीच कळलं. फरशी वर आल्यासारखी वाटायची, कपाळ ठणकायचं. मी परत द्यायलाच निघाले होते."

"मग?"

"दुकानात शिरले तर थोरले मालक तुम्हाला झापत होते. सगळ्यांसमोर. आणखी एक काच परत आली तर उद्यापासून तोंड दाखवू नकोस, म्हणाले. तुम्ही कानापर्यंत लाल झाला होतात. माझ्याच्याने काही बोलवेना. म्हटलं, स्क्रू आवळून द्या."

पंगतीत, शेजारीपाजारी, व्याह्यांसमोर सांगितलेली आपली गोष्ट त्याला एकेक करून आठवत होती, आणि प्रत्येक वेळी खाली मान घालून हसणारी ती.

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदाही परत द्यायलाच आले होते. पण मालक पुन्हा तिथेच."

पुढचं विचारावं की नाही, त्याला कळेना. पण विचारल्याशिवाय झोप आली नसती. "आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा चष्मा ठीक वाटायला लागला होता," ती म्हणाली, आणि मान खाली घालून तशीच हसली.

त्याला लाज वाटत होती आणि त्याच वेळी तिच्यावर इतकी माया दाटून आली होती की नेमकं काय करावं ते सुचेना. तो उठून खिडकीपाशी गेला, पडदा उगाच सारखा केला, परत आला.

"राहू दे ना आहे तसा," ती म्हणाली. "तेव्हा आठवडाभरात झाली होती सवय. आताही होईल. एवढं बिनचूक केलंत तुम्ही."

"पट्टीला बिनचूक आहे," तो म्हणाला. "तू तेव्हा विशीची होतीस. आणि दरवेळी सवय तूच का करून घ्यायची? काढ तो चष्मा."

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने तो चष्मा पुढ्यात घेतला. काचांना हात लावायची गरज नव्हती. फ्रेमचा नाकावरचा वाकडा पूल तेवढा आत दाबायचा, की दोन्ही काचा जवळ येतात आणि सेंटर त्रेसष्टवरून अठ्ठावन्नवर. पण तार पातळ होती; तुटली असती तर तशी दुसरी फ्रेम नव्हती, आणि हात सटकला तर काचाही नव्हत्या. त्याने पक्कडीच्या दोन्ही ओठांना कापड गुंडाळलं. थोडं दाबायचं, पट्टी लावायची, पुन्हा थोडं. बासष्ट. साठ. धाकटे मालक मागे येऊन उभे राहिले.

"अहो मिलिमीटर," ते म्हणाले, "माप चुकतंय तुमचं. नव्या कार्डावर त्रेसष्ट लिहिलंय."

"चुकू दे," तो म्हणाला. हे शब्द दुकानात त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. मालक पुढे काउंटरवर निघून गेले.

घरी आला तेव्हा उजेड होता. तिने चष्मा चढवला. आधी फरशीकडे बघितलं, मग खिडकीच्या चौकटीकडे, मग समोरच्या इमारतीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे. मग त्याच्याकडे वळली. दोन्ही डोळे उघडे होते. तो श्वास रोखून उभा होता आणि ती आता 'छान आहे' म्हणणार याची वाट बघत होता.

ती तसं म्हणालीच नाही. उठून त्याच्याजवळ आली, शर्टाच्या गळ्यात दोन बोटं घातली. बोटं सहज आत गेली आणि वर जागा उरली.

"हे काय झालंय तुमचं?" ती हळू आवाजात म्हणाली. "चार दिवस वाटत होतं, काचेनेच बारीक दिसताय. पण नाही. तुम्ही जेवत नव्हतात."

त्याने शर्टाची कॉलर सारखी केली.

"पाच आठवडे मला वाढून द्यायचात, समोर बसायचात आणि ताटात चमचा वाजवायचात. मी विचारलं की म्हणायचात, झालं, पोटभर जेवलो."

"घास उतरत नव्हता गं," तो म्हणाला.

तिने डोळे पुसायला चष्मा वर केला आणि लगेच परत खाली घेतला. मग शेगडीवरचं पातेलं उचललं, त्याचं ताट मांडलं, त्याला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर बसली.

"आता जेवा," ती म्हणाली. "मी बघतेय."

तो जेवू लागला. आणि ताट रिकामं होईपर्यंत तिने त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही.